युरोपला एक नियम, बार्शीला दुसरा: मायक्रोसॉफ्टला खुलं पत्र

प्रति,
श्री. सत्या नाडेला, अध्यक्ष व मुख्य कार्यकारी अधिकारी, आणि संचालक मंडळ,
मायक्रोसॉफ्ट, रेडमंड, अमेरिका

विषय: विंडोज १० वर चालणारी धडधाकट मशीन्स

स. न. वि. वि.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. जोडीला असेंबल्ड मशीन विकतो, कार्ट्रिज रिफिल करतो, सीसीटीव्हीची कामं घेतो. तालुक्याच्या गावात एका कामावर दुकानभाडं सुटत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला आपल्या कंपनीने विंडोज १० ला मोफत सुरक्षा अपडेट्स देणं थांबवलं आणि तेव्हापासून काउंटरवर एकच प्रश्न येतोय, "मशीन आता भंगारात घालायचं का?" याचं उत्तर मी देत बसण्यापेक्षा ते आपल्याकडून यावं आणि चारचौघांत यावं, म्हणून हे पत्र उघड लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. हा निर्णय माझ्या धंद्याला वाईट नाही. जुनं मशीन दुरुस्त करण्यात मिळतात त्यापेक्षा नवं विकण्यात चार पैसे जास्त सुटतात. तरी तक्रार करतोय, कारण गिऱ्हाईक समोर स्टुलावर बसलेलं असतं, मशीन चालू असतं, आणि त्यात काही बिघडलेलं नाही हे त्यालाही दिसतं, मलाही.

कसलं मशीन, तेही सांगतो. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं आणि पतसंस्थांचे वार्षिक अहवाल करून देणाऱ्या एका डीटीपीवाल्याचं. २०१७ च्या सुमाराचं, सहाव्या पिढीचा आय-थ्री. झाकण काढून ब्लोअर मारला, बायोसचा सेल बदलला, प्रोसेसरवर नवी पेस्ट लावली. एसएसडी आधीच बसवलेली, रॅम ८ जीबी. चहा येईपर्यंत श्रीलिपी आणि कोरल ड्रॉ दोन्ही उघडून तयार. मग मशीनवर विंडोज ११ चालेल का ते तपासणारं आपलं ‘पीसी हेल्थ चेक’ चालवलं. बायोसमध्ये जाऊन इंटेलचं पीटीटी सुरू केल्यावर टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) हजर. सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर उठू देणारी सोय) हजर. रॅम पुरेशी, डिस्क पुरेशी. लाल फुली एकाच ओळीवर, प्रोसेसरच्या. का, तर तो विंडोज ११ च्या यादीत नाही. इंटेलची आठवी पिढी आणि पुढे, एएमडीची रायझन २००० मालिका आणि पुढे. बाकीच्यांनी दाराबाहेर थांबायचं.

यावर आपले अभियंते सुरक्षेचं नाव घेतील. मी काही टीपीएमच्या विरोधात नाही. लॅपटॉप चोरीला गेला तर आतला डेटा कुलूपबंद राहावा, यासाठी ती चिप कामाची आहे. काही सुरक्षेची कामं नवे प्रोसेसर स्वतः करतात आणि जुन्यांना त्यासाठी वेग खर्ची घालावा लागतो, हेही मान्य. पण मग यादी कशी वाकते तेही पाहू. जून २०२१ मध्ये विंडोज ११ ची घोषणा झाली तेव्हा सातवी पिढी बाहेर होती. ऑगस्टमध्ये तिच्यातल्या मोजक्या प्रोसेसरांना आत घेतलं. त्यात एक होता आय-सेव्हन ७८२०एचक्यू. तो आपल्याच सर्फेस स्टुडिओ २ मध्ये बसवलेला होता आणि ते यंत्र त्या वेळी कंपनी स्वतः विकत होती. यादीत नसलेल्या मशीनवर विंडोज ११ कसं चढवायचं, याची रजिस्ट्रीतली (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीतली) पायवाटही कंपनीच्या अधिकृत पानावर २०२१ पासून होती. २०२५ च्या सुरुवातीला ती तिथून काढून टाकली. फार जुन्या प्रोसेसरांत आवश्यक ती सूचनाच (इन्स्ट्रक्शन) नसते, तिथे नवी आवृत्ती खरोखर उठत नाही. ती तांत्रिक अडचण आम्हाला समजते. सहाव्या-सातव्या पिढीचं तसं नाही.

मग कारण काय असावं? २०१५ चा आपलाच कारभार आठवून पाहा. २९ जुलैला विंडोज १० आलं आणि विंडोज ७, ८ वाल्यांना ते वर्षभर फुकट होतं. जुन्या मशीनवर चालेल का, तर चालेल. नको म्हणणाऱ्याच्या स्क्रीनवरसुद्धा अपग्रेडची खिडकी पुन्हा पुन्हा उगवायची, इतकी कंपनीला घाई. विंडोज ८ आपटलं होतं आणि दोन-तीन वर्षांत १०० कोटी उपकरणं गाठण्याचं जाहीर करून झालं होतं. (ती गाठायला मार्च २०२० उजाडलं, पण ते असो.) तेव्हा डोकी मोजायची होती, म्हणून आमच्याकडचं प्रत्येक डबडं मोलाचं होतं. विंडोजची ही शेवटचीच आवृत्ती, असं कंपनीच्या एका माणसाने त्या वर्षी व्यासपीठावरून सांगितलं. तेही तेव्हा कुणी ठासून खोडून काढलं नाही.

आज पैसा दुसरीकडून येतो. जून २०२५ ला संपलेल्या वर्षात कंपनीचा महसूल २८१.७ अब्ज डॉलर आणि निव्वळ नफा १०१.८ अब्ज डॉलर. एकट्या अझूर या क्लाऊड सेवेचं उत्पन्न ७५ अब्जांच्या पुढे. एआयसाठीच्या डेटा सेंटरांवर त्या एका वर्षात ८० अब्ज डॉलर घालायचे ठरले, आणि मे-जुलैमध्ये मिळून सुमारे १५,००० माणसांची नोकरी गेली. या ताळेबंदात आमचा आय-थ्रीवाला बसतो कुठे? त्याने विंडोजचे पैसे एकदा दिले, ते झालं. क्लाऊड तो घेत नाही, कोपायलट हा आपला एआय मदतनीस घेत नाही. त्याच्याकडून पैसा निघायची एकच वाट उरते, त्याने नवं मशीन घ्यायचं. मग उत्पादकाकडून विंडोजच्या परवान्याचे पैसे आपल्याकडे जमा होतात. सप्टेंबर २०२५ च्या तिमाहीत हे उत्पन्न वाढलं आणि विंडोज १० ची मुदत संपत आल्याचा त्याला हातभार लागला, हे कंपनीनेच गुंतवणूकदारांना सांगितलं. आम्हाला मात्र सुरक्षेचं कारण सांगितलं जातं.

नफा कमवू नका, असं मी का म्हणेन? मीही गल्ला मोजूनच घरी जातो. मुख्याधिकारीपद घेतलं त्या दिवशी, ४ फेब्रुवारी २०१४ ला, आपण कर्मचाऱ्यांना लिहिलं होतं की आपला उद्योग परंपरेला मान देत नाही, फक्त नावीन्याला देतो. चांगली गोष्ट आहे. पण आमच्या टेबलावर ते नावीन्य स्क्रीनच्या तळाशी कोपायलटचं बटण होऊन येतं, आणि ज्याने ते मागितलंच नव्हतं त्याच्याकडून वसूल होतं. ऑस्ट्रेलियात काय झालं? ऑफिसच्या वर्गणीत कोपायलट घालून दर वाढवला आणि कोपायलटशिवायचा जुना स्वस्त पर्याय अजून शिल्लक आहे हे ग्राहकांना नीट सांगितलं नाही, म्हणून तिथल्या स्पर्धा व ग्राहक आयोगाने ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीला कोर्टात खेचलं. प्रकरण सुमारे २७ लाख ग्राहकांचं. कंपनीने नंतर माफी मागितली आणि पैसे परत देऊ केले. नियामक दारात उभा राहिला की आपल्याकडे तोडगा निघतो, असं दिसतं.

आता मुद्द्याच्या तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार अपडेट्स रोखण्याची. ते तयार होत नाहीत, असं नाही. मोठ्या कंपन्यांना विंडोज १० चे सुरक्षा अपडेट्स ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहेत. पहिल्या वर्षी दर मशीनमागे ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी १२२, तिसऱ्या वर्षी २४४. कारखान्यांतल्या आणि दवाखान्यांतल्या यंत्रांसाठी जी आयओटी एंटरप्राइझ एलटीएससी २०२१ ही आवृत्ती आहे, तिला तर १३ जानेवारी २०३२ पर्यंत. तीही विंडोज १० च. म्हणजे विहिरीला पाणी आहे, दोर कुणाच्या हातात द्यायचा ते दर पाहून ठरतंय.

हे पूर्वीही झालंय. विंडोज एक्सपीचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ ला संपला. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या मालवेअरने जगभर धुमाकूळ घातला, ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांतल्या ठरलेल्या शस्त्रक्रिया रद्द झाल्या, आणि तेव्हा कुठे एक्सपीचा पॅच सगळ्यांना खुला झाला. तोवर तो जादा पैसे भरून सेवा घेणाऱ्यांपुरता होता. असुरक्षित मशीन एकट्या मालकाला बुडवत नाही, त्याच्या जाळ्यातल्या सगळ्यांना बुडवतं, हे आपल्यापेक्षा जास्त कुणाला माहीत असणार?

दुसरी तक्रार युरोपची. घरगुती वापरणाऱ्यांना आपण १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत एक वर्षाची मुदतवाढ दिलीत. ती मिळवायच्या वाटा तीन: मशीनची सेटिंग्ज विंडोज बॅकअपने आपल्या क्लाऊडवर चढवा, किंवा १,००० रिवॉर्ड गुण द्या, किंवा ३० डॉलर भरा, म्हणजे इथले अडीच हजारांच्या वर. (सुरक्षेसाठी बिंगवर शोधाशोध करून गुण जमवायचे, ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला एकदा भेटायची इच्छा आहे.) युरोपात युरोकन्झ्यूमर्स या ग्राहक संघटनेने तिथल्या डिजिटल बाजारपेठ कायद्याकडे बोट दाखवलं, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या ३० देशांपुरती बॅकअपची अट गेली. पैसे नाहीत, गुण नाहीत, अधूनमधून खात्यात लॉगिन केलं की झालं. तोच अपडेट, तेच विंडोज. लक्झेंबर्गमध्ये जे बिनबॅकअप देता येतं ते बार्शीत का देता येत नाही, याचं तांत्रिक उत्तर मला तरी सापडलेलं नाही.

इथे अडचण आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यापासूनच सुरू होते, कारण कुठल्याही वाटेला ते लागतंच. बहुतेक गिऱ्हाइकांच्या मशीनवर लोकल अकाउंट (फक्त त्या मशीनपुरतं खातं) असतं, तेही कधीकाळी दुकानदारानेच काढून दिलेलं. नवं खातं उघडून दिलं की पासवर्ड वहीच्या मागच्या पानावर जातो आणि पुढच्या खेपेला ती वही सापडत नाही. कॉम्प्युटर कार्यालयाच्या डोमेनला (सामाईक जाळ्याला) जोडलेला असेल तर घरगुती योजना चालतच नाही. मग त्याने ६१ डॉलरच्या रांगेत उभं राहायचं.

शाळांचा प्रकार आणखी वेगळा. शिक्षणसंस्थांना हेच अपडेट्स पहिल्या वर्षी १ डॉलर, मग २, मग ४ या दराने मिळतात. म्हणजे एकाच वस्तूचे ६१ आणि १ असे दोन भाव परवडू शकतात, हे कंपनीनेच दाखवून दिलं. पण ते घ्यायचे घाऊक परवान्याच्या वाटेने. जिल्हा परिषद शाळेचा मुख्याध्यापक ती वाट कुठे शोधणार? शाळेचं लाइटबिल कोणी भरायचं हाच वाद अजून मिटलेला नसतो. या शाळांतली बरीच मशीन्स पुण्या-मुंबईच्या कंपन्यांनी वापरून झाल्यावर सीएसआरमधून (सामाजिक जबाबदारी म्हणून) दिलेली असतात. ती शाळेत येतात तेव्हाच पाच-सहा वर्षांची असतात. प्रोसेसरच्या यादीने हा झराच आटतो.

नवं घ्या म्हणावं, तर वेळही कशी साधली आहे पाहा. एआयच्या डेटा सेंटरांसाठी जगभरची मेमरी उचलली जातेय आणि रॅमच्या साध्या पट्टीचा भाव गिऱ्हाइकाला सांगताना मलाच संकोच वाटतो. डिसेंबर २०२५ मध्ये मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर क्रूशियल हा आमच्यासारख्यांच्या दुकानात खपणारा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. डेटा सेंटरं बांधणाऱ्या मोठ्या कंपन्यांत आपण आघाडीवर. म्हणजे जुनं मशीन आपल्या यादीने बाद, आणि नवं महाग करण्यातही आपला वाटा.

कचऱ्याबद्दल थोडक्यात. विंडोज १० च्या या मुदतीमुळे सुमारे २४ कोटी कॉम्प्युटर भंगारात जाऊ शकतात, असा अंदाज कॅनालिस या संस्थेने २०२३ मध्येच दिला होता. २०३० पर्यंत कार्बन निगेटिव्ह होण्याचं, म्हणजे सोडतो त्याहून जास्त कार्बन हवेतून काढून घेण्याचं वचन आपण २०२० मध्ये दिलंत. २०२४ च्या आपल्याच अहवालात २०२० च्या तुलनेत उत्सर्जन २९.१ टक्के वाढलेलं आहे. आमच्याकडची मशीन्स भंगारवाल्याकडून मुंबईतलं कुर्ला, साकीनाका, दिल्लीतलं सीलमपूर अशा ठिकाणी जातात. तिथे तांब्यासाठी वायरी जाळणारी माणसं उघड्या हातांनी काम करतात. भारताच्या २०२२ च्या ई-कचरा नियमांत जबाबदारी उपकरण बनवणाऱ्यावर आहे. सॉफ्टवेअरच्या एका निर्णयाने चालतं उपकरण कचरा ठरवणाऱ्यावर नाही. हे आमच्या सरकारने बघायला हवं, आणि त्यासाठी वेगळं पत्र लिहीन.

"मग लिनक्स टाका की," असं सुचवणारे भेटतात. मी टाकून देतो. ज्याला फक्त बँक, मेल आणि यूट्यूब बघायचंय त्याचं उत्तम चालतं, केरळने तर शाळाच्या शाळा त्यावर आणल्या. पण डीटीपीवाल्याच्या वीस वर्षांच्या फायली जुन्या फॉन्टांत अडकलेल्या असतात. कर सल्लागाराचं टॅली आहे, सेवा केंद्रातलं अंगठा घ्यायचं यंत्र आहे, डिजिटल सहीचं टोकन आहे. ही माणसं विंडोजवर आपल्या प्रेमापोटी राहिलेली नाहीत. त्यांचं पोटच त्यावर बांधलेलं आहे, आणि हे आपण जाणता म्हणूनच भाव लावता येतो.

आपण इथे परके नाही. पुण्यात आपलं क्लाऊड केंद्र २०१५ पासून आहे. बारामतीच्या ऊस उत्पादकांचा एआयचा प्रयोग आपण स्वतः जगाला सांगितलात. मुंबई, पुणे, नागपूर इथे एआय केंद्रं उभारायचा करार २०२५ मध्ये राज्य सरकारशी झाला. डिसेंबर २०२५ मध्ये भारतात १७.५ अब्ज डॉलर गुंतवण्याची आणि २०३० पर्यंत २ कोटी लोकांना एआयची कौशल्यं शिकवण्याची घोषणा केलीत. त्या २ कोटींतली कितीतरी मुलं पहिली कळ दाबणार ती याच बाद ठरवलेल्या मशीन्सवर.

तेव्हा मागण्या अशा:

एक. युरोपला दिलेली मुदतवाढ त्याच अटींवर, बॅकअपची सक्ती न करता, भारताला ताबडतोब द्या. ज्यांनी ३० डॉलर भरले त्यांचे परत करा.

दोन. घरगुती आणि छोट्या धंद्यांसाठीची मुदत ऑक्टोबर २०२८ पर्यंत वाढवा. अपडेट्स तोवर बनणारच आहेत. फुकट जमत नसेल तर शाळांना जो दर लावला तोच लावा, आणि तो आमच्यासारख्या दुकानात रोखीने किंवा यूपीआयने भरता येऊ द्या.

तीन. सरकारी आणि अनुदानित शाळांना तिन्ही वर्षांचे अपडेट्स विनाशुल्क द्या. परवान्याची कागदपत्रं कंपनीने आणि जिल्हा परिषदेने आपसात बघून घ्यावीत, मुख्याध्यापकाला त्यात ओढू नये.

चार. टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट दोन्ही असलेल्या सहाव्या आणि सातव्या पिढीच्या मशीन्सना विंडोज ११ चा अधिकृत मार्ग उघडा. मंद चालेल, असं स्क्रीनवर ठळक लिहा. ठरवू द्या मालकाला.

पाच. भारतात विंडोज १० वर किती मशीन्स आज अपडेट्सविना चालू आहेत, तो आकडा जाहीर करा. टेलिमेट्री (मशीन्सकडून आपोआप येणारी माहिती) आपल्याकडे आहे, म्हणजे आकडाही असणार.

सहा. इथून पुढे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मशीनच्या खोक्यावर सुरक्षा अपडेट्स कोणत्या तारखेपर्यंत मिळतील ते छापायला उत्पादकांना बांधून घ्या. बिस्किटाच्या पुड्यावरही तारीख असते.

१३ ऑक्टोबर २०२६ ला घरगुती मुदतवाढही संपते. निर्णय त्याच्या किमान तीन महिने आधी कळावा, म्हणजे गिऱ्हाइकांना दिवाळीच्या तोंडावर उगाच खर्चात पाडावं लागणार नाही. उत्तर इंग्रजीत आलं तरी चालेल. फक्त ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ या वाक्याने सुरू होणारं नको.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक कॉम्प्युटर दुरुस्तीवाला
बार्शी, जि. सोलापूर